नावापुढची अक्षरं

वॉर्डात पलंगावर आडव्या पडलेल्या माणसाला सगळ्या जणी 'सिस्टर'च असतात. सलाईन बदलणारी सिस्टर, ताप बघून जाणारी सिस्टर, रात्री दोन वाजता 'झोपा आता' म्हणून दटावणारीही सिस्टर. मावशी कोण आणि मामा कोण हे त्याला पहिल्याच दिवशी उमगतं. पण या सिस्टरांपैकी कोणी दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम) केलाय, कोणी तीन वर्षांचा जीएनएम (परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राची पदविका), कोणी चार वर्षांची बी.एस्सी. आणि कोणी त्यावर आणखी दोन वर्षं घालून एम.एस्सी., हे त्याला कळत नाही. कळून त्याला करायचंही काही नसतं. शीर एका टोचणीत सापडली की त्याच्या लेखी ती सिस्टर हुशार.

रुग्णालयाच्या कागदांना मात्र या फरकाशी फार घेणंदेणं असतं. पगार कोणत्या श्रेणीत बसवायचा, आयसीयूत कोणाला लावायचं, इन्चार्ज कोणाला करायचं, शिकायला आलेल्या मुली कोणाच्या हाताखाली द्यायच्या, हे पुष्कळदा नावापुढच्या दोन-चार अक्षरांवर ठरतं. अक्षरांना किंमत आली की खोटी अक्षरंही येतात. ती कागदावर कशी चढतात आणि पकडली जातात तेव्हा नेमकी कशामुळे, ते बघू.

पदवी, नोंदणी, पद

आधी एक गुंता सोडवायला हवा, कारण बरीचशी फसवणूक त्याच गुंत्यात लपलेली असते. परिचारिकेच्या नावाभोवती तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या देणारे तिघे वेगळे असतात.

पहिली म्हणजे शिक्षण. ते शिक्षणसंस्था देते. महाराष्ट्रात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. नर्सिंगची पदवी बहुधा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, तर एएनएम-जीएनएमच्या परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. दुसरी गोष्ट म्हणजे नोंदणी, म्हणजे काम करण्याचा परवाना. तो महाराष्ट्र परिचर्या परिषद देते, १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली. पास झालात म्हणून आपोआप नोंदणी होत नाही, आणि झालेली नोंदणी जन्मभर पुरत नाही. ठरावीक वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. तिसरी गोष्ट पद. ते मालक देतो. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी चढती उतरंड असते. खासगीत स्टाफ नर्स, इन्चार्ज, सुपरवायझर, मेट्रन. केंद्र सरकारने २०१६ पासून आपल्याकडच्या स्टाफ नर्सना 'नर्सिंग ऑफिसर' म्हणायला सुरुवात केली. त्याने पदाचं नाव बदललं, शिक्षण आणि नोंदणी होती तीच राहिली.

आता बघा. एएनएम झालेल्या मुलीची नोंदणी वेगळ्या वर्गात होते. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेलीची नोंदणी 'आरएन-आरएम' म्हणून होते, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत सुईण. एएनएम झालेलीने सहीपुढे 'आरएन' लिहिलं तर तिचं शिक्षण खरं, नोकरी खरी, हातही कदाचित सोन्यासारखा. पण ती दोन अक्षरं खोटी. उलट बाजूने, जीएनएमवर 'आरएन-आरएम' असलेल्या आणि पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला (जीएनएमनंतर करायच्या पदवीला) नुकताच प्रवेश घेतलेल्या सिस्टरने आयकार्डावर 'बी.एस्सी.' छापून घेतलं, तर परवाना खरा आणि पदवी खोटी. या दोन खोटेपणांचं वजन सारखं नाही. पहिल्यात कायद्याने न दिलेला अधिकार बळकावला जातो. दुसऱ्यात अधिकार आहेच, फक्त शिक्षण फुगवून सांगितलं जातं. या दुसऱ्या प्रकाराला लोक सहज माफ करतात. माझ्या मते तिथेच चूक होते.

'होतच आलंय' हे खोटं

अमेरिकेत हा दुसरा प्रकार समजून घेणं सोपं जातं, कारण तिथे अक्षरांचं प्रस्थ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथे दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊनही 'आरएन' होता येतं आणि चार वर्षांची 'बीएसएन', म्हणजे नर्सिंगची बॅचलर पदवी, घेऊनही. परवान्याची परीक्षा दोघींना एकच आणि परवानाही एकच. मग बीएसएनसाठी एवढी धडपड का?

त्यामागे एक गाजलेला अभ्यास आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकन यांनी २००३ मध्ये त्या राज्यातल्या १६८ रुग्णालयांमधल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती तपासली. जिथे पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथे दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी कमी, असं त्यांना आढळलं. हा निष्कर्ष संपूर्ण रुग्णालयाबद्दलचा आहे. बीएसएन झालेली प्रत्येक जण बाकीच्यांपेक्षा सरस असते, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. पण धोरणं आखणाऱ्यांना आकडा मिळाला. २०१० मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने शिफारस केली की २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात. २०२० उजाडलं तेव्हा ते गाठलं गेलेलं नव्हतं, पण रेटा सुरू झाला होता. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदाच केला: नव्या आरएनने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करायचं. नावाजलेली रुग्णालयं ज्यासाठी जिवाचं रान करतात त्या 'मॅग्नेट' या उत्तम नर्सिंगसाठीच्या मान्यतेत नर्स मॅनेजरला नर्सिंगची किमान बॅचलर पदवी लागतेच.

आता पंधरा वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या एखाद्या सिस्टरच्या जागी स्वतःला ठेवा. ऑनलाइन बीएसएनचे आठ विषय झालेत, दोन राहिलेत. मॅनेजरची जागा निघाली आहे आणि अर्जात शिक्षणाचा रकाना आहे. ती 'बीएसएन' लिहिते. मनात म्हणते, जूनपर्यंत होऊनच जाईल. जूनमध्ये घरात आजारपण निघतं, विषय राहतात आणि अर्ज फाइलमध्ये तसाच पडून राहतो. त्या अर्जावरून आयकार्ड छापलं जातं, आयकार्डावरून ईमेलखालची सही तयार होते, सहीवरून नोटीस बोर्डावरचं नाव. दोन वर्षांनी त्या विभागात तिला बीएसएन न मानणारं कोणी उरत नाही. तिने खोटं एकदाच लिहिलं होतं, पुढचं सगळं कॉपी होत गेलं.

आपल्याकडे याला सोयीचा शब्द आहे, 'अपिअर्ड'. बायोडेटात 'एम.एस्सी. नर्सिंग (अपिअर्ड)' लिहितात. वाचणाऱ्याला त्यातून परीक्षा दिली आहे असं वाटतं. लिहिणारीने फॉर्म भरलेला असतो, किंवा दुसऱ्या वर्षाला एटीकेटी लागलेली असते. पीएच.डी.च्या बाबतीतही हेच चालतं. प्रबंध बाकी असताना नावापुढे कंसात छोटंसं अक्षर टाकून 'उमेदवार' असल्याचं सुचवायची पद्धत अमेरिकेत आहे, आणि नर्सिंगच्या प्राध्यापकांमध्ये तिच्यावर वाद आहे. वाद योग्यच म्हणायचा. पदवी एकतर मिळालेली असते किंवा नसते. अर्धी मिळालेली पदवी असा प्रकार नाही.

नावापुढे अक्षरं कोणत्या क्रमाने लिहायची याचाही तिथे संकेत आहे. मॅग्नेट मान्यता देणाऱ्या अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटरच्या सल्ल्यानुसार सर्वांत वरची पदवी आधी, मग परवाना, मग विशेष प्रमाणपत्रं, शेवटी मानसन्मान. म्हणजे 'एमएसएन (नर्सिंगची मास्टर पदवी), आरएन, सीसीआरएन'. यामागचं कारण मला आवडतं: जे सहसा हिरावून घेतलं जात नाही ते आधी. पदवी कायमची असते. परवाना रद्द होऊ शकतो. अतिदक्षतेचं सीसीआरएनसारखं प्रमाणपत्र दर काही वर्षांनी नवं करावं लागतं. पण याचा अर्थ असाही होतो की सगळ्यात पुढे बसलेलं अक्षर हेच कमीत कमी वेळा तपासलं जातं. परवाना नूतनीकरणाच्या वेळी कोणीतरी डोळ्यांखालून घालतं; पदवी एकदा फाइलला लागली की लागली.

यात कोणाचं नुकसान होतं, असं कोणी विचारेल. मॅनेजरची ती जागा दुसऱ्या एखादीला मिळाली असती, जिने रात्रीच्या ड्युट्या करून खरोखर पदवी पूर्ण केली होती. तिचं पहिलं. रुग्णालयाने मान्यतेसाठी पाठवलेली पदवीधरांची टक्केवारी खोटी ठरते, हे दुसरं. आणि तिसरं सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: एखादं मेडिको-लीगल प्रकरण उभं राहिलं आणि तिच्या नर्सेस नोट्स न्यायालयात आल्या, तर समोरचा वकील औषधाच्या वेळेपासून सुरुवात करणारच नाही. तो विचारेल, 'तुमची बी.एस्सी. कोणत्या साली झाली?' सहीतली अक्षरं खोटी निघाली की वरच्या सगळ्या नोंदींवर शंका येते, मग त्या मिनिटामिनिटाला खऱ्या का असेनात.

खरी पदवी, तरीही दंड

याच्या अगदी उलट टोकाचं एक उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. डीएनपी म्हणजे नर्सिंगमधली डॉक्टरेट, ती मिळवलेली एक नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून उपचारही करणारी उच्चशिक्षित परिचारिका. तिने स्वतःच्या जाहिरातीत आणि समाजमाध्यमांवर नावामागे 'डॉक्टर' लावलं. पदवी अस्सल, तिच्याबद्दल कोणाला शंका नव्हती. तरी २०२२ मध्ये सॅन लुइस ओबिस्पो काउंटीच्या सरकारी वकिलांशी झालेल्या तडजोडीत तिला १९,७५० डॉलर दंड भरावा लागला. कारण रुग्णसेवेच्या संदर्भात 'डॉक्टर' म्हटलं की लोकांना फिजिशियन वाटतो, आणि तिथला कायदा हा शब्द त्यांच्यासाठीच राखून ठेवतो. नर्सिंगच्या जगात या दंडावरून बरीच धुसफूस झाली. विद्यापीठात मराठीच्या प्राध्यापकाने 'डॉ.' लावलेलं चालतं, मग आम्हीच काय पाप केलं, हा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. पण छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला मराठीच्या प्राध्यापकाकडून औषध घ्यायचं नसतं, हाही मुद्दा आहेच.

ब्रिटनमध्ये गंमत निराळी. तिथे 'रजिस्टर्ड नर्स' या शब्दांना कायद्याचं संरक्षण आहे. नुसतं 'नर्स' कोणीही म्हणवून घेऊ शकत होतं. तोही शब्द राखीव करण्याचा इरादा सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला.

फ्लोरिडातला छापखाना

आतापर्यंतचं सगळं एकेकट्या माणसाच्या मोहाचं झालं. फ्लोरिडात जे घडलं त्याचं प्रमाण वेगळं होतं. २५ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकी तपास यंत्रणांनी 'ऑपरेशन नाइटिंगेल' जाहीर केलं. आधुनिक शुश्रूषेचा पाया घालणाऱ्या बाईंचं नाव या कारवाईला का दिलं असेल हे ज्याने त्याने ठरवावं. दक्षिण फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदविका आणि गुणपत्रकं विकली गेली होती. एकेका कागदाचा भाव १० ते १५ हजार डॉलर. एकूण उलाढाल ११ कोटी ४० लाख डॉलरच्या घरात. २५ जणांवर आरोप ठेवले गेले. शाळा तोवर बंद झाल्या होत्या.

आता ही यंत्रणा फसली कशी, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत आरएन व्हायला दोन दारं ओलांडावी लागतात. पहिलं दार शाळेचं: वर्गातले तास आणि त्याहून महत्त्वाचे वॉर्डातले तास. दुसरं दार 'एनक्लेक्स' या राष्ट्रीय परीक्षेचं. परीक्षेला बसायला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची परवानगी लागते, आणि 'हिने शिक्षण पूर्ण केलं' असं शाळेने कळवल्याशिवाय बोर्ड ती देत नाही.

एखादीने घरी संगणकावर गुणपत्रक तयार केलं असतं तर या व्यवस्थेत ती लगेच अडकली असती. बोर्डाने शाळेला विचारलं असतं, शाळेने 'अशी विद्यार्थिनी आमच्याकडे नव्हती' म्हटलं असतं, विषय संपला. इथे शाळाच विकली गेली होती. कागद शाळेचा, शिक्का शाळेचा, सही शाळेतल्या माणसाची. विचारणा झाली तर उत्तर 'हो, शिकली आहे'. कागदपत्रांच्या पडताळणीतला सोन्याचा नियम म्हणजे उमेदवाराने दिलेल्या कागदावर विसंबू नका, जिथून तो निघाला तिथे विचारा. इथे तो नियम पाळूनही फसगत झाली.

आता दुसरं दार. पदविका विकत घेतलेल्यांपैकी सुमारे २,४०० जण एनक्लेक्स पास झाले. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. यावर हमखास येणारी प्रतिक्रिया अशी की पास झाल्या ना, मग येतच असेल की त्यांना. विकत घेणाऱ्यांत आधीपासून रुग्णालयांत खालच्या पदांवर काम करणारे लोक होते, त्यामुळे हे बोलणं वरवर पटतंही. शिवाय तपास अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं की रुग्णाला इजा झाल्याचा पुरावा त्यांच्या हाती आलेला नाही.

मला हे पटत नाही. एनक्लेक्स संगणकावरची परीक्षा आहे. उमेदवाराच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होत जातो; निर्णयशक्ती जोखायला ती चांगली आहे. पण ती परीक्षा आखणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते की समोर बसलेल्या व्यक्तीने शेकडो तास वॉर्डात कोणाच्या तरी देखरेखीखाली चुका केल्या आहेत आणि त्या चुका कोणीतरी वेळीच थांबवल्या आहेत. ब्रिटनमध्ये परिचारिकेच्या शिक्षणाचे ४,६०० तास धरतात, त्यातले निम्मे प्रत्यक्ष कामाचे, ते उगाच नाहीत. पोहण्याची लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेल्याला कोणी विहिरीत ढकलत नाही. आणि इजेचा पुरावा नाही, याचा अर्थ तेवढाच: पुरावा नाही. हातात आलेल्या इंजेक्शनचा डोस थोडा चुकला आणि म्हातारं माणूस पहाटे गेलं, तर केस पेपरवर आजाराचंच नाव येतं.

पुढे काय झालं? अमेरिकी माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयांनी ८९ परिचारिकांना रुग्णसेवेतून दूर केलं. जॉर्जिया राज्याने २२ जणांना परवाने परत करायला सांगितलं. या गदारोळात आणखी एक वर्ग भरडला गेला, ज्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. त्याच शाळांमध्ये खरोखर शिकलेले, फी भरून, पहाटे उठून क्लिनिकलला गेलेले विद्यार्थीही होते. आपण खरे आहोत हे सिद्ध करायची पाळी त्यांच्यावर आली, आणि साक्ष द्यायला शाळा उरली नव्हती.

असे अस्सल शिक्क्याचे नकली कागद ओळखता येतात ते त्यांच्याभोवतीच्या गोष्टींवरून. एखादी बाई म्हणते २०१८ ते २०२० मी फ्लोरिडात पूर्णवेळ शिकत होते, आणि त्याच काळात न्यू जर्सीतल्या नर्सिंग होममध्ये पूर्णवेळ पगार घेत असते. पदविका तारखांना घाबरते. म्हणून जुनी अनुभवी एचआरवाली मंडळी प्रमाणपत्र बघण्याआधी बायोडेटातल्या साली एकाखाली एक मांडून बघतात.

आडनावाची फट

फ्लोरिडातलंच आणखी एक प्रकरण २०२५ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आलं, आणि ते मराठी वाचकांना जास्त जवळचं वाटेल. पोलिसांच्या आरोपानुसार, रुग्णालयात नोकरी मिळवलेल्या एका तरुणीने आधी सांगितलं की शिक्षण झालंय, राष्ट्रीय परीक्षा बाकी आहे. मग सांगितलं, पास झाले. परवान्याचा क्रमांक दिला तो दुसऱ्याच एका परिचारिकेचा, जिचं पहिलं नाव हिच्यासारखंच होतं. आडनाव वेगळं कसं, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, नुकतंच लग्न झालंय. रुग्णालयाने विवाहाचा दाखला मागितला. तो आलाच नाही, आणि मागणारेही विसरले. चार हजारांहून अधिक रुग्ण तिच्या हाताखालून गेल्याचं पोलिसांचं म्हणणं आहे. उघडकीला आलं ते तिला बढती देऊ केली तेव्हा. एका सहकाऱ्याने तिचा परवाना शोधून पाहिला, तर तिच्या नावावर फक्त मदतनीसाचं, तेही मुदत संपलेलं प्रमाणपत्र सापडलं.

गंमत अशी की अमेरिकेत परवाना तपासायला 'नर्सिस' नावाची फुकटची ऑनलाइन सोय आहे. नाव टाका, राज्य टाका, परवाना दिसतो. त्या रुग्णालयात अडचण तपासण्याच्या साधनाची नव्हती. एक कागद 'नंतर आणून देते' वर राहिला, एवढंच.

आपल्याकडे हा 'नंतर आणून देते' रोजचा आहे, आणि बहुतेक वेळा त्यात खोट काहीच नसते. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. जीएनएमच्या गुणपत्रकावर तेच, पण नावाचं स्पेलिंग वेगळं. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, कधीकधी पहिलं नावही बदललेलं. परिषदेच्या नोंदणीवर जुनं, पॅनवर नवं. तीन कागदांवर तीन बायका, आणि तिन्ही एकच. राजपत्रात नाव बदलाची जाहिरात देणं, विवाह नोंदणीचा दाखला काढणं, परिषदेकडे नाव दुरुस्तीचा अर्ज करणं ही कामं ड्युटी आणि घर सांभाळून होत नाहीत, म्हणून राहून जातात. मग आखातात जायची संधी आली की सगळं एकदम अंगावर येतं. तिथली सरकारं डेटाफ्लोसारख्या पडताळणी कंपन्यांमार्फत प्रत्येक कागद थेट विद्यापीठाला आणि परिषदेला विचारतात. त्यात नाव जुळलं नाही तर खऱ्या शिक्षणाच्या बाईलाही महिनोन्‌महिने ताटकळत बसावं लागतं. नुकतीच जर्मनीची वाट धरणाऱ्यांचाही हाच अनुभव असणार. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मन अधिकारी पदवीच्या नावावर थांबत नाहीत. कोणता विषय किती तास शिकलात हे तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात आणि कमी पडेल तेवढं पुन्हा शिकायला किंवा परीक्षा द्यायला लावतात. तिथे फुगवलेली अक्षरं कामाची नाहीत. तासांचा हिशेब लागतो.

फसवतं कोण, फसतं कोण

आपल्याकडच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर सगळा दोष परिचारिकांच्या माथी जाईल. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर, दुसऱ्या मजल्यावर, 'सहा महिन्यांत नर्स व्हा, शंभर टक्के नोकरी' अशा पाट्या दिसतात. दहावी झालेली मुलगी तिथे प्रवेश घेते. आईवडील कर्ज काढून फी भरतात. प्रमाणपत्रावर 'नर्सिंग' शब्द असतो, वर कुठल्यातरी भारदस्त नावाच्या संस्थेचा सोनेरी शिक्का असतो, पण भारतीय परिचर्या परिषदेची किंवा राज्य परिषदेची मान्यता नसते. तिला कोणी सांगितलेलंच नसतं की या कागदावर फार तर रुग्णांना जेवण भरवण्या-उठवण्याचं मदतनीसाचं काम करता येईल. छोटं खासगी रुग्णालय तिला कमी पगारात घेतं, पांढरा गणवेश देतं आणि रजिस्टरमध्ये 'स्टाफ नर्स' लिहितं. ते तिने लिहिलेलं नसतं. तिचं शिक्षण फुगवून दाखवणारा तिचा मालक असतो, कारण तपासणीला कोणी आलं तर कागदावर नर्स दिसायला हव्यात. काही विपरीत घडलं की मात्र तोच मालक म्हणतो, हिने आम्हाला फसवलं.

कायद्याच्या नजरेत कोण कुठे बसतं? 'चारसोबीस' हा शब्द भाषेत राहील, पण १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. फसवणुकीसाठी बनावट कागद तयार करणं कलम ३३६ मध्ये येतं. आणि कलम ३४० फार महत्त्वाचं: कागद तुम्ही बनवला नसेल, पण तो खोटा आहे हे माहीत असून खरा म्हणून वापरलात, तर बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. फसवणूक आणि फसवणुकीसाठीची बनावट या दोन्हींना सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एसटी स्टँडसमोरच्या क्लासमधून फसून आलेल्या मुलीचा इथे बचाव होऊ शकतो, कारण तिला माहीत नव्हतं. दोन विषय बाकी असताना 'बी.एस्सी.' लिहिणारीला हा बचाव नाही. तिने बनावट कागद केला नसला तरी खोटं सांगून पद मिळवलं. प्रकरण सहसा पोलिसांपर्यंत जात नाही. नोकरी जाते, आणि तक्रार परिषदेकडे गेली तर नोंदणीही धोक्यात येते. म्हणजे नसलेल्या पदवीपायी असलेला परवाना जायचा.

तपासणाऱ्यांसाठी आता साधनं आहेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय नोंदवहीत परिचारिकेला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, तो राज्य बदललं तरी तोच राहतो. २०२३ च्या नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशन कायद्यातही राष्ट्रीय आणि राज्य पातळीच्या नोंदवह्यांची तरतूद आहे. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना परिचारिकांची पात्रता तपासून, कोणती कामं कोणी करायची हे लेखी ठरवून ठेवावं लागतं. मूळ प्रमाणपत्र 'बघितलं' आणि झेरॉक्सवर 'मूळ प्रतीवरून पडताळले' असा शिक्का मारला, ही पडताळणी नव्हे. त्यातून एवढंच कळतं की झेरॉक्स मशीन चांगलं होतं.

आणि जिने स्वतःच कधीतरी घाईत एक अक्षर जास्त लिहिलं आहे तिने काय करायचं? निस्तरायला आज सोपं जाईल, मॅग्नेटची किंवा एनएबीएचची टीम वॉर्डात उभी असेल त्या दिवशी नाही. एचआरला लेखी कळवायचं की अमुक तारखेच्या अर्जात शिक्षणाचा तपशील चुकीचा आहे, खरा तपशील असा, सोबत विद्यापीठाचं गुणपत्रक आणि चालू वर्षाचं बोनाफाइड जोडलं आहे. त्या पत्राची पोच घ्यायची. मग आयकार्ड बदलून मागायचं, ईमेलखालची सही दुरुस्त करायची, नोटीस बोर्डावरचा कागद उतरवायचा. पदवी चालू असेल तर कोणत्या वर्षाला आहे आणि कधी पूर्ण होणं अपेक्षित आहे हे पूर्ण शब्दांत लिहायचं, अक्षरांत नाही. ओशाळं वाटेल, इन्चार्जशिप कदाचित हुकेलही. पण सोमवारी सकाळी हँडओव्हर घेऊन केस पेपरवर सही करताना 'आरएन-आरएम' एवढंच लिहायचं, आणि कुणी विचारलं तर परिषदेचा क्रमांक सांगायचा.